रविवारच्या निकालाआधी गाडीच्या किल्लीविषयी माझं म्हणणं

बेसिंगस्टोक,
मंगळवार सकाळ

माननीय साडूबंधू चंद्रशेखरराव यांना शशिधरचा, राग क्षणभर बाजूला ठेवून, नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? अक्षयाचं बीपी? आणि रोज संध्याकाळी सलाइन लावावं तशी वायर लावून तुम्ही जिच्या उशाशी बसता, त्या विजेच्या गाडीची तब्येत कशी आहे? रीडिंगला सगळं क्षेम असेल अशी आशा करतो. आमच्याकडेही ठीक आहे, म्हणजे दोघांची प्रकृती उत्तम असून एकमेकांशी बोलणं चहापुरतं चालू आहे. (अक्षर मोठं आलंय, क्षमस्व. पेन नवीन आहे.)

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. फोनवर बोलावं तर सुनीती शेजारच्या खोलीत असते आणि तिचे कान तुमच्या मेहुणीचे आहेत, म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. व्हॉट्सअॅपवर लिहावं तर आमच्या कन्यारत्नाने काढलेल्या ग्रुपवर अख्खं खानदान टपून बसलेलं. त्याच ग्रुपवर शाल्मलीने परवा फर्मान काढलं, ‘बाबा, गाडीचा किल्ली आईकडेच राहू दे. संडेला लंचनंतर चंद्रशेखरकाका डिसाइड करेल.’ (या मुलीला मी तीस वर्षं मराठी शिकवतोय. किल्ली पुल्लिंगी आणि काका एकेरी.) आणि तुम्ही! एका शब्दाने मला न विचारता दोन मिनिटांत तिला अंगठा पाठवलात. म्हणजे आता रविवारी तुमच्याकडे जेवण झालं, की माझ्या स्वतःच्या गाडीची किल्ली मला परत मिळणार की जन्माची सुनीतीच्या पर्समध्ये जाणार, याचा निकाल तुम्ही देणार. न्यायाधीशाची बायको फिर्यादीची सख्खी बहीण, जेवणही तिच्याच हातचं. वा! पण आरोपीलाही बोलू देतात म्हणे, म्हणून हे पत्र. किल्ली म्हणजे माझ्यासाठी काय आहे ते समजून घ्या. लायब्ररी, न्हावी, गुरुवारचा ब्रिज क्लब, सगळं त्या किल्लीवर आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तासाला एक बस येते आणि तीही कौन्सिलच्या मनात असलं तर. किल्ली गेली की मी उरलो सुनीतीच्या यादीपुरता: दूध, ब्रेड, शशिधर. त्रेचाळीस वर्षं या देशात गाडी चालवली, लायसन्सवर आजमितीला दंडाचा एक पॉइंट नाही. (स्लाउच्या वेळचे तीन होते ते केव्हाच उतरले. ते धरायचे नसतात.)

आता फ्रान्स. माझी गाडी नेली असती तर काही झालं नसतं हे आधीच सांगतो. पण स्वतःची गाडी परदेशी नेऊन कशाला झिजवायची, असा विचार करून मी पोर्ट्समथहून बोटीने पलीकडे जायचं आणि नॉर्मंडीत उतरून भाड्याची घ्यायची असा बेत केला. बुकिंग मीच केलं, चार महिने आधी. काउंटरवर एक पोरगी बसली होती, वय असेल शाल्मलीच्या निम्मं. तिच्यापुढे मी माझी फाइल उघडली. तुम्हाला माझी फाइल माहीत आहे. पासपोर्ट, विमा, बुकिंग, रक्तगट, आणि ड्रायव्हिंग लायसन्सची दोन्ही बाजूंची रंगीत झेरॉक्स, लॅमिनेट केलेली. पोरीने ती हातात घेतली, वाकवून पाहिली, आणि मूळ मागितलं. मी तिला समजावून सांगितलं, की मूळ प्रत घरी कपाटात आहे, कारण मूळ प्रत कपाटातच असते. आमचे अण्णा सांगलीच्या कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क होते. मूळ कागद हातचा सोडायचा नाही, जगाला झेरॉक्स दाखवायची, हा त्यांचा दंडक. त्या दंडकावर तीन भावांची शिक्षणं, दोन जमिनींचे दावे आणि माझा इंग्लंडचा व्हिसा पार पडला. माझ्या एमबीबीएसच्या सर्टिफिकेटची मूळ प्रत तर मीच गेल्या वीस वर्षांत पाहिलेली नाही, आणि तरीही चाळीस वर्षं मी इथल्या हॉस्पिटलांत माणसं झोपवली आणि वेळेवर उठवली. हे सगळं मी सांगितलं. पोरगी ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, मूळ?

तेवढ्यात सुनीतीने पर्समध्ये हात घातला. तुम्ही ती पर्स पाहिली आहे, तिच्यात सुपरमार्केटची कुपनं, सर्दीच्या गोळ्या, तुमच्या नातवाच्या मुंजीतली सुपारी, सगळं एकत्र नांदतं. त्या उकिरड्यातून तिने आपलं मूळ लायसन्स काढलं, कोपरा दुमडलेलं, मागे च्युइंगम चिकटलेलं, आणि पोरीचा चेहरा असा खुलला की विचारू नका. पाच मिनिटांत करारावर ड्रायव्हर म्हणून सुनीतीचं नाव. एकटीचं! जिने गेल्या दहा वर्षांत घर ते भाजी यापलीकडे गाडी नेली नव्हती. (का नेली नव्हती? मी होतो ना न्यायला.) व्यवस्थित माणसाची या जगात किंमत नाही, हे मी तिथेच पार्किंगमध्ये मोठ्याने म्हणालो.

गाडीचं काय सांगू. बुकिंगमध्ये चित्र होतं भल्या मोठ्या गाडीचं आणि खाली बारीक अक्षरांत ‘किंवा तत्सम’. हे तत्सम म्हणजे शेवाळी रंगाचं एक डबडं निघालं. आपल्या दोन बॅगा आणि दशम्यांचा डबा ठेवला की मागे जागा संपली. मी सवयीने उजवीकडचं दार उघडून बसलो, पट्टा लावला, आणि पाहतो तर समोर स्टिअरिंग नाही. ते डावीकडे, सुनीतीच्या हातात. हे पहिल्या दिवशी चार वेळा झालं. शेवटपर्यंत माझा उजवा पाय पुढच्या चटईवर ब्रेक शोधत होता. तुम्हाला हसू येत असेल. या, एकदा अक्षयाच्या शेजारी बसा आणि मग हसा.

रस्ता दाखवायचं काम माझ्याकडे आलं. गाडीतल्या पडद्यावर माझा विश्वास नाही, म्हणून मी घरूनच अडतीस पानं छापून नेली होती, नंबर घालून. नकाशा चोख होता. पण या फ्रेंच लोकांना पाट्या लावायची अक्कल नाही. अक्षरं बारीक, रंग फिके, आणि पाटी लावायची नेमकी वळणाच्या तोंडावर, म्हणजे वाचून होईपर्यंत वळण मागे. सुनीतीचं म्हणणं, तिला लांबून दिसत होत्या. दिसत होत्या तर वळायचं! पण नाही, ‘तुम्ही नकाशा बघताय ना, म्हणून थांबले.’ त्यातून त्यांची राउंडअबाउट्स उलटी. आपल्याकडे कसं, मारुतीला घालतो तशी सरळ उजवी प्रदक्षिणा. तिथे सगळी अप्रदक्षिण. मों सें मिशेलच्या वाटेवर एका राउंडअबाउटला आम्ही सहा फेऱ्या मारल्या, कारण सहा फाटे, सहा पाट्या, आणि प्रत्येक पाटी वाचायला मला एकेक फेरी लागली. कडेला एक म्हातारा कुत्रं घेऊन उभा होता. चौथ्या फेरीपासून तो हात हलवायला लागला आणि सुनीतीही त्याला हात हलवायला लागली. मी नाही हलवला. ओळख ना पाळख.

मग टोलनाका. मोटरवेवर चढताना यंत्रातून तिकीट येतं, ते उतरताना दाखवायचं असतं. सुनीतीने ते घेऊन मला दिलं, ‘नीट ठेवा हं’ असं म्हणून. चंद्रशेखरराव, मला ‘नीट ठेवा’ म्हणायचं? मी ते इतकं नीट ठेवलं की उतरायच्या नाक्यावर मलाच सापडेना. फाइल उपसली, दोन्ही खिसे, पासपोर्टची घडी, दशम्यांचा डबा. मागे रांग लागली. एक ट्रक, चार कॅरव्हॅन आणि एक मोटारसायकलवाला, तो तर उतरून काचेपाशी आला. यंत्रातून एक बाई फ्रेंचमध्ये बोलायला लागली आणि तिचा सूर चांगला नव्हता. या सगळ्यात सुनीतीने काय करावं? स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, ‘शोधा सावकाश, घाई नाही.’ चिडली असती तर चाललं असतं, मला त्याची सवय आहे. तिकीट शेवटी चष्म्याच्या घरात निघालं, पुसायच्या फडक्याखाली. (चष्मा त्यात नव्हता, तो मी लावला होता. दोन चष्मे लावून पाहिले तरी त्या तिकिटावरचं काही वाचता येत नाही, इतकी वाईट छपाई.)

आणि आता गुन्ह्यांचा गुन्हा. ही बाई वाटेत थांबते! मी बेसिंगस्टोकहून निघालो की एडिनबरा. मध्ये एक सर्व्हिस स्टेशन, सात मिनिटं, झालं. सुनीती मनात येईल तिथे थांबायची. एका ठिकाणी सूर्यफुलांचं शेत होतं, तेही हंगाम संपलेलं, फुलांनी माना टाकलेल्या. थांबली. उतरून दहा मिनिटं नुसती उभी राहिली. फोटोसुद्धा काढला नाही. मी विचारलं, काय आहे एवढं बघण्यासारखं? म्हणाली, ‘काही नाही. थांबता येतंय म्हणून थांबले.’ पुढे रस्त्याच्या कडेला एक शेतकरी खरबुजं विकत होता. थांबली. त्याच्याशी गप्पा. त्याला इंग्रजी येत नाही, हिला फ्रेंच येत नाही, आणि पंधरा मिनिटं दोघं हसताहेत. मी गाडीत बसून पान नंबर एकवीस हातात धरलं होतं. खरबूज मात्र गोड होतं हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तिसऱ्या दिवसापासून ही गाणं गुणगुणत गाडी चालवायला लागली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, ही गुणगुणते हे मला माहीत नव्हतं. आमच्या गाडीत मी बातम्या लावतो.

आता ज्याच्यावरून हा सगळा खटला उभा राहिला त्या प्रसंगाकडे येतो. तुमच्या कानावर तो अक्षयामार्फत आला असणार, म्हणजे तिखटमीठ लावूनच. खरं काय ते वाचा. पाचव्या दिवशी संध्याकाळी लुआर नदीच्या काठी एका खेड्यात मुक्काम होता. दगडी घर, दगडी अंगण, अंगणाला अरुंद फाटक. सुनीती गाडी चालूच ठेवून फाटक उघडायला उतरली. मी म्हटलं, दहा फूट मागे घेऊन लावायची तर आहे, त्याला करार कशाला लागतो? मी डावीकडे सरकलो आणि रिव्हर्स टाकला. सुनीती मागे जाऊन उभी राहिली, पुण्यात उभे राहतात तशी, हाताने ‘या, या’ करत. गाडीला मागे कॅमेरा आहे, कंपनीने हजारो पौंडांचं तंत्रज्ञान घातलंय, आणि ही डिकीवर थाप मारून गाडी लावणार! बरं, उभी कुठे राहावी? बरोबर भिंतीसमोर, भिंतीच्याच रंगाचा कोट घालून. ऊन तिरपं, कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता उजेड, घरमालकिणीचं कुत्रं बोंबलतंय. अशा परिस्थितीत जगातला कोणताही ड्रायव्हर काय करणार? गाडी दगडी कुंडीवर गेली. जिरेनियमची कुंडी होती, अंगणाच्या मधोमध, कुंडी ठेवायची ती काय जागा झाली? सुनीतीने बाजूला उडी मारली, लव्हेंडरच्या ताटव्यात पडली, नडगीला खरचटलं. मी स्वतः ड्रेसिंग केलं. फार काही नव्हतं. तिने कोटाला चिकटलेलं लव्हेंडर झटकलं. मग म्हणाली, ‘थांबा थांबा म्हणून ओरडत होते मी. माझं ऐकायचंच नाही असं ठरवलंयत का तुम्ही?’ आणि हात पुढे केला. मी किल्ली तिच्या हातावर ठेवली, वाद नको म्हणून.

परत आल्यावर काउंटरवर तीच पोरगी. बंपर दाखवून मी नुकतंच ‘दगडी कुंड्यांच्या संस्कृती’वर बोलायला सुरुवात केली होती, तेवढ्यात सुनीतीने सरळ सांगून टाकलं, गाडी माझ्या मिस्टरांकडे होती. माझ्या त्रेचाळीस वर्षांच्या कीर्तीचा असा एका वाक्यात निकाल. पोरीने माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत दया होती. फ्रेंच दया! ती तरी नको होती. घरी आल्यावर सुनीतीने दाराशेजारच्या हुकावरून आपल्या गाडीची किल्ली काढली, पर्समध्ये टाकली, आणि पर्सची चेन लावली. चेनचा तो आवाज मी विसरणार नाही.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं. पाट्या त्यांच्या, कुंडी त्यांची, कोट सुनीतीचा, उन्हाला मालक नाही. यात माझा दोष मला तरी सापडत नाही. तुम्हीही मागच्या हिवाळ्यात स्वतःच्या गराजचं दार बंद असताना गाडी आत नेली होतीत, त्यावर मी कुठे पंचायत बसवली नाही. तेव्हा विचार करून निकाल द्यावा. अक्षयाला आशीर्वाद, तुमच्या गुडघ्याला आराम पडो, आणि रविवारी वांग्याची भाजी असल्यास माझ्या पानात कमी वाढावी.

आपला, सध्या पायी चालणारा,
शशिधर

ता. क. रविवारी आम्हाला स्टेशनवर घ्यायला येऊ नका. सुनीती गाडी आणणार आहे. वाटेत थांबेल, त्यामुळे जेवण जरा मागे ठेवा.

ता. क. दुसरा. वर मी लिहिलंय की वाद नको म्हणून किल्ली दिली. तसं नाही. तुम्ही हे अक्षयाला वाचून दाखवू नका, शपथ आहे. तिचं ‘थांबा’ मला ऐकू आलं होतं, चंद्रशेखरराव. स्पष्ट आलं. पण ते कुठून येतंय ते कळेना. आरशात भिंत दिसत होती, भिंतीपुढे ती नव्हती. मी ब्रेक दाबलाच नाही. गाडी थांबली ती कुंडीमुळे. कुंडी तिथे नसती तर काय झालं असतं ते मी रोज सकाळी दाढी करताना बघतो. ती समजते मी हट्टाने ऐकलं नाही, आणि मी तिला तेच समजू दिलंय. माझ्या हट्टाची तिला सवय आहे, त्यावर ती चिडते, बोलत नाही, मग चहा करते. पण मला ती दिसलीच नाही, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? मला भीती वाटते हो. पुढच्या बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतली आहे, घरी दाताची सांगितली आहे. डोळ्यांत थेंब घातल्यावर तीनचार तास काही दिसत नाही म्हणतात, तेव्हा तुम्ही तुमची ती वायरवाली गाडी घेऊन दहाला या. काय निघतंय ते एकदा कळू दे, मग सुनीतीला मीच सांगेन. लायसन्सवाल्या डीव्हीएलएलाही.

ता. क. तिसरा. तेव्हा रविवारी निकाल माझ्याविरुद्ध द्या. मोठ्याने द्या, सगळ्यांसमोर. मी आरडाओरडा करीन, तुमच्या गराजचं दार काढीन, कदाचित जेवणावरून उठेनही. बधू नका. डोळ्यांचं नाव काढू नका, म्हातारा हट्टी आहे एवढंच म्हणा. या पाकिटात कागदात गुंडाळून आमच्या गाडीची दुसरी किल्ली ठेवली आहे. ती माझ्या कपाटात होती हे सुनीतीला माहीत नाही. गेल्या आठवड्यात दोनदा मी ती घेऊन गाडीपर्यंत जाऊन आलो. ती तुमच्याकडेच ठेवा. मी परत मागेन, चंद्रशेखरराव, नक्की मागेन, आणि तेव्हा मी फार गोड बोलतो. देऊ नका.